लॅपलंड, आवृत्ती चौदावी

माझ्यापुढच्या माणसाने काउंटरवर सहा रंगांची फाईल उघडली आणि मला कळलं, आज आपली बस चुकणार.

२०१८चा ऑक्टोबर. डब्लिनमधली व्हिसाची कचेरी. मी वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलातली ड्युटी संपवून थेट बसने आलेली. डोळे उघडे होते, एवढंच. बाहेर तो खास आयरिश पाऊस... पडत नाही, नुसता अंगाला लागतो.

"बँक स्टेटमेंटची एकच प्रत पुरे," काउंटरवरची बाई म्हणाली.

"तीन आणल्यात," तो आशेने म्हणाला.

"अहो, एक पुरे म्हणतायत तर एक द्या ना!" मी मराठीतच पुटपुटले.

तो वळला. "मराठी? तुम्ही... डॉक्टर रेवती का? पद्माकरदादांच्या ग्रुपमधल्या?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पद्माकरदादा आणि वसुधावहिनींनी स्वतःसह अकरा जणांना घेऊन नाताळात फिनलंडला, थेट लॅपलंडच्या बर्फात जायची टूम काढली होती. त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हृषीकेश नावाचा एक प्राणी रोज नवं वेळापत्रक टाकायचा. आवृत्ती तिसरी. आवृत्ती चौथी, सुधारित. 'उणे पंचवीसमध्ये नाकाची काळजी' ही पुरवणी. महिनाभर मी तो ग्रुपच म्यूट केला होता.

"तुम्हीच ते आवृत्तीवाले?"

"सातवी काल टाकली. वाचलीत?"

"नाही."

"वाटलंच. तुमचा फोटो फॉर्मवर उलटा चिकटलाय."

चिकटला होता. त्याने बॅगेतून गोंद काढला, कात्री काढली आणि—देवाशपथ—हात पुसायला ओला रुमाल. डोळे मात्र चांगले होते. वैताग त्याचाच जास्त आला.

आता माझ्या रजेची गोष्ट. आमच्या हॉस्पिटलात जुना रिवाज आहे : आयरिश मंडळींच्या नाताळाच्या ड्युट्या आम्ही करायच्या, बदल्यात दिवाळीची सुट्टी घ्यायची. चार वर्षं मी हेच केलं. यंदा उलटं मागितलं, तर ड्युट्या लावणाऱ्या एमरने पेन खाली ठेवलं. "पण रेवती, तुम्ही नाताळ कुठे करता?" शेवटी नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन आणि पाडवा, तिन्ही देऊन मी एक नाताळ मिळवला.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी रिसेप्शनवरून फोन आला. "खाली युअर मॅन आलाय. डबा घेऊन."

आयरिश बोलीत 'युअर मॅन' म्हणजे नुसता 'तो माणूस'. पण माय मॅन! हृषीकेश होता. लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातून दोन तास गाडी चालवत आलेला. एव्हाना स्लीपिंग बॅगांवरून फोनवर भांडून आम्ही 'तू'वर आलो होतो.

मी डबा उघडला. "हे काय आहे?"

"चकली. व्हायची होती... वेटोळं धरेना. चव बघ."

"लिक्सलिपहून हे द्यायला आलास?"

"नाही, म्हणजे... तुझ्या बुटाचं मापही हवं होतं. ग्रुपवर तू उत्तर देत नाहीस."

"सदतीस."

"सदतीस," त्याने लिहून घेतलं. कान लाल झाले होते. बाहेर थंडी होती म्हणा.

दहा मिनिटांत माझा बीपर वाजला. तोंडात चकलीचा तुकडा घेऊन मी हसतच वॉर्डात शिरले, तर एका आजोबांनी विचारलं, "डॉक्टर, माझा रिपोर्ट इतका चांगला आलाय का?"

त्यानंतर हृषीकेश रोज फोन करायचा. विषय : मोजे. लोकरीचे की सिंथेटिक, एकावर एक की एकेक. त्या अर्ध्या-अर्ध्या तासात एखादं वाक्य माझ्यासाठी असेल म्हणून मी ऐकत राहायचे. नसायचं. चौदाव्या आवृत्तीत मात्र बसमधल्या जागा होत्या : खिडकीशी मी, शेजारी तो. पुढे शेरा— 'बदल होणार नाही.' एवढ्यावर मी चार दिवस खुशीत काढले. माणूस किती थोडक्यात भागवतो!

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी सहज विचारलं, "तुझा परत यायचा व्हिसा कधीपर्यंत आहे?"

"परत यायचा म्हणजे?"

आम्हा भारतीयांना तेव्हा आयर्लंडबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा आत यायला वेगळा व्हिसा लागायचा. मी मे महिन्यात भावाच्या लग्नाला जाऊन आले होते, म्हणून माझ्याकडे वर्षभर चालणारा होता. हा दोन वर्षांत या बेटाबाहेर पडलाच नव्हता. आणि नाताळाआधी अर्ज करायची मुदत कधीच संपली होती.

"चौदा आवृत्त्या!" मी ओरडले. "रेनडिअरने लाथ मारली तर काय, तेही आहे त्यात! तू परत कसा येणार होतास?"

"विमानाने..." तो बारीक आवाजात म्हणाला.

पलीकडून कागद उलटल्याचे आवाज आले.

"तू जा," तो म्हणाला. "दिवाळी घालवलीस यासाठी. मी तुझ्यापुरती पंधरावी आवृत्ती करून देतो."

मी फोन ठेवला. 'जा' म्हणाला म्हणून मला राग आला. 'थांब' म्हणाला असता तरी आला असता. पण तो दुसरा राग मला हवा होता.

सोमवारी मी पद्माकरदादांना फोन केला. ते आधी ओरडले, मग हसले, मग म्हणाले, "बरं."

बावीस तारखेला सकाळी हृषीकेशने मला डब्लिन विमानतळावर आणलं. मंडळी रांगेत उभी होती. दादा आत्तापासूनच माकडटोपीत.

"मोजे वरच्या कप्प्यात ठेव," हृषीकेश म्हणाला.

"हो."

"नाक झाकून घे."

"हो. अजून काही?"

"रेवती..." त्याने हातातला कागद पाहिला. पुढचं त्यात नव्हतं. "तू जायलाच हवं. चार वर्षांनी सुट्टी मिळाली तुला. मला माहितीये. पण..."

"पण?"

"जाऊ नकोस. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळलंच नाही मला. लक्ष्मीपूजनापासून सांगायचंय. मला तू... जाऊ नकोस ना."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"सोमवारीच तिकीट रद्द केलंय मी."

"रेवती!" रांगेतून दादांची हाक आली. "बोलला का गं तो? आम्हाला आत जायचंय!"

"अहो, हळू!" वसुधावहिनी. नऊ जण आमच्याकडे बघत होते.

"सगळ्यांना माहीत होतं?" तो म्हणाला. "मग ही बॅग?"

"कपडे. आणि डाळ-तांदूळ. पंचवीसला इथे सगळं बंद असतं."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"साडेदहाची वॉटरफोर्डची बस आहे."

त्याने एका हातात माझी बॅग घेतली, दुसऱ्यात माझा हात. आणि गाडी कुठे लावली ते त्याला आठवेना. पार्किंगचे तिन्ही मजले आम्ही हात न सोडता पालथे घातले.

दुसऱ्या मजल्यावर गाडी मला दिसली होती. मी काही बोलले नाही.