रामलिंगच्या डोंगरापलीकडून

माझी कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेऊन एक अनोळखी माणूस दवाखान्यामागच्या लिंबावर चढला होता! माझं धुतलेलं पातळ मात्र त्यानं घडी घालून दगडावर ठेवलेलं.

"कोण तुम्ही? आणि कुणाला विचारून—"

"महारुद्र. वायरलेसवाला." त्या दोरीनं फांदीला तार बांधत तो हसला. "दोरी लई मजबूत हाय, नर्सबाई. मालकिणीसारखी."

मला राग आला. यायला हवा होता तेवढा मात्र आला नाही.

आरोग्य खात्याच्या जीपसाठी वायरलेस निवडायचा होता. आयुबभाई ती जीप रस्ता नसलेल्या डोंगरवाटांनी वाड्यावस्त्यांवर न्यायचे. चाचणीला दोन सेट होते. मोठा थेट धाराशिवशी बोलायचा. धाकटा हलका, पण त्याचा आवाज जवळपासच पोचायचा; तो घेतला तर निरोप पुढं धाडायला मधे आमच्या येडशीत ठाणं लागणार, आणि त्या ठाण्यावर महारुद्र राहणार. मोठा घेतला तर महारुद्र धाराशिवला जाणार.

तो जीपमधून बोलायचा, मी दवाखान्यात हेडफोन लावून ऐकायची.

"बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं. मग समोरच्याची पाळी. ओव्हर."

"आणि बोलून झालंच नसेल तर?... ओव्हर."

नुसती खरखर. मग हळूच, "तर म्हणू नका."

संध्याकाळी परतताना तो हरभऱ्याचा डहाळा आणायचा. "धाकटाच सेट बरा हाय," म्हणायचा. "गरिबाला येडशी मानवली." आणि मी घाटे सोलत, आंबट झालेली बोटं चाटत मान खाली घालायची. आवडला होता मला तो. कशाला लपवू?

चाचणीच्या शेवटच्या दिवशी धाराशिवहून साहेब आले. जीप धाकटा सेट घेऊन रामलिंगच्या डोंगरापलीकडं गेली. "येडशी... येडशी..." आणि आवाज विझला.

"ऐकू येतंय का, बाई?" साहेबांनी विचारलं.

हेडफोन माझ्या कानाला होता. 'येतंय' म्हटलं की झालं! शब्द ओठांवर आलाही... पण मागच्या साली त्याच डोंगरापलीकडून बाळंतपणात अडलेली इरम्मा बैलगाडीतून आली होती, फार उशिरा. माझ्या हातातच तिचा हात गार पडला होता.

"नाही, साहेब. काहीच नाही. मोठाच घ्या."

मोठा सेट नक्की करून साहेब गेले. मी डोळे पुसले.

परतल्यावर महारुद्रनं तार उतरवली, दोरी होती तशी बांधून दिली. "खरं सांगितलंत, ते बरं केलंत," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात जीपमधून आयुबभाई ओरडले, "अब बोलो की मियाँ! डोंगर के पीछे तो लई बोल रे थे!"

"काय बोलत होता?" मी विचारलं.

तो तारेचं वेटोळं उगाच घट्ट करत राहिला. "तिकडून तुमचा आवाज येईना. म्हटलं, कुणाला ऐकू जात न्हाय... तवा धीर करावा."

"मग आता करा."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "शिवगंगाबाई... रविवारी आईला घेऊन तुमच्या अण्णांकडं येऊ का? मागणी घालायला... ओव्हर."

आता पाळी माझी होती. त्यानंच शिकवलं होतं.

"या," मी म्हणाले.

तो वाट बघत उभाच राहिला. "ओव्हर म्हणाला न्हाईत."

"माझं बोलून कुठं झालंय अजून?"