आवाज चढवणारा माणूस

"माझ्या लायनरांस्नी तांबडा रंग कुणी फासलाय?"

मशीन शॉपच्या दारातून आलेला हा आवाज एवढा मोठा होता, की सगळ्या लेथच्या घरघरीवरून तो थेट इन्स्पेक्शनच्या टेबलापर्यंत पोचला. श्यामलाने हातातला मायक्रोमीटर खाली ठेवला. दारात एक उंच, सावळा माणूस उभा होता. पावसाने भिजलेला, दोन्ही हातांत इंजिनाच्या सिलिंडरात बसणारा एकेक लायनर, आणि दोन्हींवर रिजेक्टचा तांबडा पट्टा.

"मी," ती म्हणाली.

मशीन शॉपमधले सगळे हातातलं काम सोडून वळले. हा लेथवरचा जोतीराम चौगले भाताच्या लावणीसाठी रजा काढून गावी गेला होता. मधल्या काळात तपासणीला एक बाई आली आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता हा घसा साफ करणार, आवाज उतरवणार, 'बाईसाहेब, चुकलं' म्हणणार... सगळे वाट बघत होते.

जोतीरामने तिच्याकडे नीट पाहिलं. आणि आवाज आणखी चढवला.

"तुमी असा, न्हायतर आणि कोण असा! सा वर्सं ह्या लेथवर हाय मी. माझा माल अजून कुणी तांबडा केल्याला न्हाय!"

"मग आता झाला." श्यामला मागे सरली नाही. "आतला बोअर मोठा झालाय. या, स्वतः बघा."

तो तरातरा आला. गेज घातला, वाचला. पुन्हा घातला. मग मान खाजवली.

"च्यायला... व्हय की." आणि लगेच, तितक्याच मोठ्याने, "पर बाई, रंग जरा कमी लावायचा! रंगपंचमी हाय काय ही?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. श्यामलाने मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, बाईसाहेब दुखावल्या. खरं तर ती हसू दाबत होती.

संध्याकाळी उद्यमनगरातून घरी चालत जाताना तिच्या लक्षात आलं, की कामाला लागल्यापासून आजच्याआधी आपल्याशी कुणी आवाज चढवून बोललेलंच नाही.

पॉलिटेक्निकच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. त्याची सवय झाली होती. पण तेलाची इंजिनं बनवणाऱ्या या कारखान्यातलं एकटेपण वेगळंच निघालं. ही सगळी माणसं तोंडाची मोठी, एकमेकांना शिव्या घालत, खांद्यावर थापा मारत दिवसभर काम करायची. ती जवळून गेली, की बोलणं तुटायचं. "या बाईसाहेब." "बसा बाईसाहेब." कुणी वाईट वागत नव्हतं. वाईट वागलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. एकदा ती डबा घेऊन कॅन्टीनमध्ये गेली, तर तिला जागा द्यायला सबंध बाकडंच उठून गेलं. पुन्हा गेली नाही. ऑफिसातल्या टायपिस्ट मुली तिच्या पदरावरचे तेलाचे डाग बघायच्या आणि आपापले डबे जवळ ओढून घ्यायच्या.

मग ती टेबलावरच जेवायला लागली. मशिनं थांबलेली, पत्र्यावर पाऊस, आणि समोर मोजून ठेवलेलं लोखंड. घरी गेलं तरी फार फरक नव्हता. आई गेल्यापासून अण्णा, तिचे निवृत्त मास्तर वडील, कामापुरतंच बोलायचे.

आणि एक गोष्ट तर तिने कुणालाच सांगितली नव्हती. बायकांसाठीची एकुलती एक संडास-मोरी ऑफिसच्या मागे होती, आणि तिची किल्ली हेडक्लार्ककडे. दर वेळी चार पुरुषांसमोर जाऊन ती मागायची... त्यापेक्षा तिने पाणी पिणंच कमी केलं होतं.

जोतीराम मात्र भांडायला येत राहिला.

"बाई, ह्यो पास का न्हाय?"

"केसभर मोठा आहे."

"केसभर? कुणाच्या केसाएवढा? तुमच्या का माझ्या?"

"माझे बारीक आहेत. तुमचे मोजायला फूटपट्टी लागेल."

तो असा गडगडून हसला, की पलीकडच्या मिलिंग मशीनवरचे गणपतमामा दचकून वळले. श्यामलाचे कान तापले. त्या दिवशी आरशासमोर वेणी घालताना तिचे हात उगाचच रेंगाळले...

एके दुपारी तो भाकरीचं फडकं घेऊन सरळ तिच्या टेबलापाशी येऊन बसला.

"चौगले, लोक बघतायत."

"बघू द्या. भाकरी खातोय, दरोडा न्हाय घालत. घ्या, आईचा मिरच्यांचा खर्डा हाय. सोसंल काय पेठेतल्या माणसास्नी?"

"द्या इकडे!" तिने घास घेतला आणि तिला जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. त्याने तांब्या पुढे केला.

"पाणी प्या."

"नको."

"जीव चाललाय आणि पाणी नको? काय उपास हाय काय पाण्याचा?"

 तिची नजर खिडकीतून ऑफिसकडे गेली आणि चटकन परत आली. जोतीरामने ती नजर पाहिली. हळूहळू त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने तांब्या खाली ठेवला आणि खाली बघत भाकरीचा तुकडा मोडला.

पुढच्या आठवड्यात कामगारांच्या बैठकीत तो उभा राहिला आणि पन्नास पुरुषांसमोर, साहेबांच्या देखत, त्याने मोरीचा विषय काढला. बाईमाणूस कामावर घेता, मग तिची सोय नको? किल्ली मागायला लावता? लाज वाटाय पायजे!

मागे उभ्या असलेल्या श्यामलाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. कारखाना सुटल्यावर तिने त्याला स्टोअरच्या मागे गाठलं.

"माझा विषय चारचौघांत काढायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"मग कुणी बोलायचं?"

"मला आधी विचारायचं!"

"इचारलं असतं तर न्हाय म्हणाला असता."

"म्हणाले असते! माझी गोष्ट होती ती, चौगले. माझी."

  मग पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

"चुकलं माझं."

दिवाळीच्या आत मशीन शॉपच्या कडेला बायकांच्या संडास-मोरीची एक छोटी खोली बांधून झाली. दाराला आतून कडी.

"आभार मानणार नाही मी," ती त्याला म्हणाली.

"मागितल्यात कुणी?" तो म्हणाला. दोघंही थोडा वेळ तिथेच उभी राहिली... निघायला काही कारण नसल्यासारखी.

पण कारखान्याला डोळे असतात. संक्रांतीनंतर मॅनेजर हिर्लेकरसाहेबांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, चहा मागवला.

"मिस पोतनीस, तुम्हाला घेतलं तेव्हा मालकांशी भांडलो होतो मी. पण वेगळं माणूस आलं की सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं. तुमच्याबद्दल आणि चौगलेबद्दल बोललं जातंय. तुम्हाला ऑफिसात टेबल देतो. पंख्याखाली. तुमच्याच भल्यासाठी."

"मी काम चुकीचं केलं का, सर?"

"छे, छे!"

"मग उद्या सांगते."

फाटकापाशी तिने जोतीरामला सगळं सांगितलं. "मी भांडणार आहे त्यांच्याशी. मशीन शॉप सोडणार नाही." तो सायकलची चेन चाचपत राहिला. "अहो, बोला की काहीतरी!"

"...उद्या बघू," तो म्हणाला आणि सायकल ढकलत निघून गेला.

सकाळी हिर्लेकरसाहेब हसत म्हणाले, "आता गरज नाही. चौगले नोकरी सोडून गेला. तुम्ही खुशाल तिथेच राहा."

त्याच्या लेथवर नवा माणूस आला. तो तिला बाईसाहेब म्हणायचा. माल रिजेक्ट केला की मान डोलवून परत न्यायचा. आता पोटभर पाणी प्यायची सोय झाली होती, पण तांब्या पुढे करणारं कुणी नव्हतं. इतकी वर्षं ती एकटीच होती, पण कुणाची तरी वाट बघणारं एकटेपण तिला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी गणपतमामा टेबलापाशी येऊन घुटमळले. हातातला रिजेक्ट केलेला गिअर त्यांनी टेबलावर आपटायच्या बेताने उचलला... आणि अलगद ठेवला.

"ह्ये... ह्ये बरं न्हाय बाई तुमचं," ते पुटपुटले. मग कपाळावरचा घाम पुसला. "जोत्या सांगून गेलाय, बाईंच्या संगं भांडत जावा, बाईसाहेब म्हणू नगा. मला काय जमत न्हाय बगा."

श्यामला हसली. हसता हसता तिला टेबलावर डोकं टेकावं लागलं.

"मामा," ती तशीच म्हणाली, "त्यांचं गाव कुठलं?"

रविवारी ती राधानगरीच्या एसटीत बसली. गावाच्या फाट्यावर उतरून बांधाबांधाने चालत गेली. जोतीराम उसाला पाणी पाजत होता, गुडघ्यापर्यंत चिखलात. तिला बघून त्याच्या हातातलं खोरं खाली पडलं.

"तुमी? हितं?"

"मला वाचवायला कुणी सांगितलं होतं?" ती बांधावरूनच ओरडली. एवढ्या मोठ्याने ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. "एकदा चुकलं म्हणालात ना? मग पुन्हा तेच? साहेबांनी मला न विचारता ठरवलं, आणि तुम्हीही!"

"तुमची मशीन शॉपातली जागा ऱ्हावी म्हणून..."

"ती राहिलीच असती! भांडणार होते मी. तुम्ही भांडूच दिलं नाहीत मला!"

पलीकडच्या गोठ्यातून त्याची आई, बयाबाई, शेणाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. "जोत्या, कोण रं ही? का वराडतीया?"

"बाई हायत... कारखान्यातल्या."

"मग चिखलात हुबा काय ऱ्हायलायस? घरात घे की पावण्यास्नी!"

पण तो हलला नाही. पाणी सरीतून फुटून त्याच्या पायांवरून वाहत होतं. "साखर कारखान्यात लागतोय मी, पयल्या तारखेपासनं," तो खाली बघत म्हणाला. "पगार बरा हाय. समदं बरं हाय. पर... करमत न्हाय, बाई. तुमच्याबिगर न्हाय करमत."

श्यामलाचा राग कुठे गेला, तिला कळलं नाही.

"मलाही नाही," ती म्हणाली.

 अण्णा काय म्हणतील, त्याची भावकी काय म्हणेल, हे दोघांनाही त्या एका क्षणात दिसलं, आणि दोघांनीही ते बोलायचं टाळलं. बयाबाईंनी तिला चुलीपाशी बसवून चहा पाजला. पोतनीस म्हणजे कोण, वडील काय करतात, सगळं विचारून घेतलं आणि शेवटी नुसतंच "हं" म्हणाल्या.

तिन्हीसांजेच्या आधीची एसटी होती. तो फाट्यापर्यंत सोडायला आला. ती खिडकीपाशी बसली, आणि तो खाली उभा. अंगावर तोच चिखलाचा सदरा.

"पुढच्या रविवारी..." त्याने सुरुवात केली आणि थांबला. मग खिडकीच्या गजाला धरून म्हणाला, "बाई, आत्ताच येऊ काय? तुमच्या अण्णांस्नी भेटायला? तुमी न्हाय म्हणाला तर न्हाय येत."

"ओ पावणं!" कंडक्टर दारातून ओरडला. "बसायचं तर बसा, न्हायतर बाजूला व्हा!"

श्यामलाने त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं, पायांवरच्या वाळलेल्या चिखलाकडे पाहिलं. अण्णांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला.

मग तिने शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकून त्याच्यासाठी जागा मोकळी केली.