अस्पिहानीचे तीन आजार

या, अशा जवळ या. चटईवर जागा आहे. पाय पोटाशी घ्या, म्हणजे मागच्यांनाही बसता येईल. आमच्या नदीकाठच्या घरांत फळ्यांखालून पाणी वाजत असतं. लांब बसलात तर अर्धी गोष्ट तेच ऐकेल. गोष्ट आहे एका ठणठणीत माणसाच्या तीन आजारांची. अल्लाहचं नाव घेते आणि सांगते.

त्या सकाळी हालिदा घाटाच्या फळीवर, गुडघाभर पाण्यात, एक पिवळं कापड खळबळत होती. कापड साधं नव्हतं. पलीकडच्या काठावर कुणाला तरी कावीळ झाली होती आणि घरच्यांनी हाजा मस्तोरांकडे कापडाची मागणी नोंदवली होती. हज करून आलेल्या बाईला आमच्याकडे हाजा म्हणतात. हाजांकडचं सासिरंगान, म्हणजे टाके घालून रंगवलेलं औषधी कापड, असं मागणीनंच व्हायचं. आधी आजार सांगायचा, मग रंग ठरायचा. काविळीला पिवळा, डोकेदुखीला लाल, पोटाला जांभळा, खरजेला काळा. कापडावर धावदोरा घालायचा, दोरा ओढून चुण्या घट्ट करायच्या, रंगात बुडवायचं आणि मग एकेक टाका उसवायचा. जिथे टाका, तिथे पांढरी नक्षी. शेवटचा टाका निघेपर्यंत ते नुसतं फडकं. निघाला की औषध. बरं करणारा वर बसलाय, कापड म्हणजे अंगावर पांघरलेली दुवा, असं हाजा म्हणायच्या. आणि उसवायचं काम असायचं हालिदाचं.

तर वळणावरून संत्र्यांनी भरलेली इंजिनाची होडी आली. अस्पिहानी पायानं सुकाणू सांभाळत, हातानं संत्रं सोलत, पैगंबरांच्या जन्माची कवनं गात होता. आणि गळा… माशाल्ला! अशा गळ्यासाठी मी स्वतः तीन पूल ओलांडून जाते.

हालिदानं मान वर केली. एवढंच. पण तेवढ्यात कापड हातातून सुटलं, प्रवाहात पसरलं आणि थेट होडीच्या पंख्यात जाऊन गुरफटलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

“अगं, माझ्या इंजिनाला पांघरूण कशाला घातलंस?”

“पांघरूण? काविळीचं औषध होतं ते! आता तुमच्या इंजिनाला जन्मात कावीळ होणार नाही. जा खुशाल.”

“जाऊ कसा? बंद पडलंय.”

“गाण्यावर चालवा. मघाशी जोरात चाललं होतं की.”

“गाण्यावर होडी नाही चालत, गालूह,” तो म्हणाला. आमच्याकडे पोरीला लाडानं गालूह म्हणतात, पण अनोळखी पोरीला कोण म्हणतं? “गाण्यानं फक्त हातातली कापडं सुटतात.”

हालिदाचे कान लाल झाले. मी समोरच्या ओट्यावरून पाहिले.

चार दिवसांनी तो टोपलीभर संत्री घेऊन हाजांच्या दारात उभा. हाजांचं वय सत्तरीपलीकडचं, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.

“कापडाचं झालं गेलं. दुसरं करून दिलं, कावीळही उतरतेय. आता काय?” हाजा म्हणाल्या. “इथे आजारी माणसं येतात, नाहीतर आजाऱ्यांची. तू कुठल्यातला, उतूह?” उतूह म्हणजे आमच्याकडे ‘पोरा’.

अस्पिहानीची नजर खांबाशी बसलेल्या हालिदाकडे गेली.

“माझं… डोकं…”

“डोक्याचं काय?”

“दुखतं.”

“कधीपासून?”

“पिवळं कापड अडकल्यापासून.”

हालिदाची सुई बोटात शिरली. हाजा एवढंच म्हणाल्या, “लाल.”

नियम असा की कापड मिळालं की गुण येईपर्यंत अंगावर वागवायचं. तो लाल फडकं डोक्याला गुंडाळून नदीभर हिंडला. पण लाल कापड मिळालं तसं हाजांकडे येण्याचं कारण संपलं. मग त्याचं पोट दुखू लागलं, कमरेला जांभळं. मग खाज सुटली, खांद्यावर काळं. पहाटेच्या होड्यांच्या बाजारात बायका ओरडायच्या, “सरका गं, वाळत घातलेली दोरी आली!”

तिसरं कापड देताना हालिदानं हळूच विचारलं, “खाज येते तरी कुठे?”

“या घाटापाशी आलो की…”

“मग घाट बदला.”

“बदलला असता. पण औषध इथंच मिळतं ना.”

इथवर गंमत होती. पण हालिदाच्या अबांना, म्हणजे वडील सर्मादींना, मार्तापुऱ्याहून तिच्या लग्नाचा सांगावा आला. हिऱ्यांना पैलू पाडणारं घर, चांगली माणसं. शुक्रवारी दुपारी सर्मादींकडे कवनांची बैठक होती; ती उठली की होकार कळवायचा होता. हालिदा माझ्याकडे धावत आली.

“मावशी, अबांना सांगा ना… शब्द देण्याआधी संत्रीवाल्याचीही चौकशी करा म्हणावं.”

सर्मादी भले, ऐकलं त्यांनी. चौकशीला विश्वासातली एक बाई गुपचूप जाते. ती बाई मी. त्याच्या गल्लीत, मशिदीच्या पायरीवर, बाजारात, सगळीकडे विचारलं. जो तो आधी तोंड भरून कौतुक करी आणि मग उसासा टाकी.

“पोरगं सोनं आहे हो. नमाज चुकत नाही, आईचे पाय चेपतो. पण प्रकृती…! डोकं, पोट, कातडी. आता उरलं काय?”

मी खोटं बोलणारी बाई नाही. ऐकलं ते सगळं सांगितलं. सर्मादींनी चहाचा पेला खाली ठेवला. “मुलगी संसाराला द्यायची की शुश्रूषेला? मार्तापुऱ्याला होकार कळवू.”

हालिदानं मला माजघरात ओढलं. “मावशी, काय केलंत हे! तो आजारी नाहीये!”

“मग अंगावर तो बाजार कसला?”

“मला बघायला येतो तो!”

मी कपाळावर हात मारला. खरं सांगावं, तर औषधाच्या कापडासाठी खोटं बोलणाऱ्याला हाजांचं दार कायमचं बंद. सगळी नदी त्याच्याकडे पाठ करणार. गप्प बसावं, तर हालिदा मार्तापुऱ्याला.

शुक्रवार आला. पुढे पुरुष, पडद्याआड आम्ही बायका. अस्पिहानी डफवाल्यांत बसला होता, तिन्ही रंगांसकट. उपदेशकांनी नेमकी, अंगभर दुखणी सोसूनही सबुरी न सोडणाऱ्या अय्यूब पैगंबरांची कथा लावली. काय गायले! मस्तकीची वेदना आळवली, आणि सगळ्यांनी लाल फडक्याकडे पाहिलं. पोटाची आग आळवली, माना जांभळ्याकडे. कातडीपाशी आले तेव्हा शेजारच्यानं कणव येऊन अस्पिहानीची पाठच खाजवली. मी मात्र रडत होते. अय्यूबांच्या सबुरीला मी नेहमीच रडते.

कथा संपली. उपदेशक म्हणाले, “कुणाच्या आजाऱ्यासाठी दुवा मागायची आहे?”

सर्मादी उठले. “या अस्पिहानीसाठी मागा. गुणी मुलगा आहे. अल्लाह त्याला शिफा देवो.”

शंभर हात वर झाले. अस्पिहानीचे झाले नाहीत. त्यानं डफ खाली ठेवला.

“थांबा…! माझ्यासाठी नका मागू. खऱ्या आजाऱ्यांच्या वाटची दुवा मी कशी खाऊ? मला काहीही झालेलं नाही. खोटं बोललो… तिन्ही वेळा.”

पडदा सरला. हाजा मस्तोरा काठी टेकत पुढे आल्या.

“कापडं काढ.”

त्यानं तिन्ही काढली. हाजांनी चष्मा वर ढकलला आणि काठ चाचपले.

“सर्मादी, औषधावर खोटं बोलेल त्याला माझं दार बंद. पण हे औषध आहे कुठे? हे बघ, लालच्या कोपऱ्यात एक टाका राहिलाय. जांभळ्याच्या कोपऱ्यात टाका. काळ्याच्याही. टाका आहे तोवर नुसतं फडकं, आणि नुसत्या फडक्यावर पोरं वाट्टेल ते बोलतात.” मग त्यांनी मान वळवली. “माझ्याकडे टाके उसवतं कोण?”

सगळ्या बायका हालिदाकडे वळल्या.

“राहून गेला असेल, हाजा…”

“तिन्हींत?”

“तिन्हींत.”

“त्याच कोपऱ्यात?”

हालिदा फळ्यांकडे बघत इतकी हळू बोलली की पाण्यालाही थांबावं लागलं असेल.

“पुरतं औषध दिलं असतं तर… बरे झाले असते ना ते. मग परत कशाला आले असते?”

कुणाचा तरी हात डफावर पडला. आधी उपदेशक हसले, मग सारं घर. सर्मादींनी चिडायचा खूप प्रयत्न केला, मिशी ऐकेना.

“म्हणजे आजारी माझीच मुलगी निघाली! हाजा, यावर रंग कुठला?”

“पिवळा, ज्यातून हे दुखणं लागलं तोच. दोघांना मिळून पांघरता येईल एवढा लांब.”

“आणि… टाका?” अस्पिहानीनं भीत भीत विचारलं.

“सगळे उसवून देईन रे. या आजाराला तरीही गुण येत नाही.”

मार्तापुऱ्याला नारळाच्या गोड बिंकांचं ताट आणि हात जोडलेला निरोप गेला. तिकडची माणसं भली. त्यांनी ताट रिकामं परत धाडलं नाही. पिवळं कापड हाजांनी स्वतः शिवलं, स्वतः उसवलं. ते त्यांचं शेवटचं.

एक सांगायचं राहिलं. हाजांच्या घरातून प्रत्येक कापड त्यांनी बोटांनी चाचपल्याशिवाय बाहेर जात नसे. उभ्या आयुष्यात त्यांच्या बोटांतून एक टाका निसटला नव्हता. मग तीन कसे निसटले?

म्हणून म्हणते, कधी कपड्याचा कच्चा टाका उसवायला बसलात, तर हाजा मस्तोरांची आठवण काढा. त्यांच्या नावानं एक फातिहा म्हणा. येत नसेल तर नुसतं नाव घ्या. वरच्याला तेही पोचतं.