दोन दारांच्या मधे

काचघरात मी फक्त कागदांवर सह्या करायला गेले होते. दहा मिनिटांचं काम. पण पोचते न पोचते तोच धो धो पाऊस, मागे ओढ्याला पूर आणि टूसॉन शहराकडे परतायचा रस्ता बंद! छत्री? आमच्या वाळवंटात छत्री बाळगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

काचेला चिकटून अंग चोरत उभी होते, तर आतून टकटक झाली. रताळ्याच्या वेलांत एक दाढीवाला बसला होता. त्याने माझ्या बाजूच्या भिंतीवरच्या फोनकडे बोट दाखवलं. मी उचलला.

"शनिवारी माझ्या जागी येणारी डेल्फिना तूच ना?"

"म्हणजे तू एफ्रेन! शेळ्यांवाला!"

"शास्त्रज्ञ म्हण की जरा!"

प्रयोग असा: आत चार माणसं, बारा महिने. बाहेरची हवासुद्धा आत घ्यायची नाही. आतल्या झाडांच्या जिवावर श्वास घ्यायचा, पिकवू तेच खायचं. दोनदा नकार पचवून तिसऱ्या अर्जाला माझी निवड झाली होती. साहजिकच मी प्रश्नांची सरबत्ती केली. झोप लागते का? भांडणं होतात? शेळी चावते?

"चावते. पण फक्त आवडत्या माणसांना." तो हसला. "आता माझा एक प्रश्न... पावसाचा वास कसा येतोय?"

मी खोल श्वास घेतला. "ओली झुडपं... तापलेल्या दगडांवर पाणी... आणि थोडा भिजलेल्या कुत्र्याचा – तो वास बहुतेक माझाच."

त्याने डोळे मिटून घेतले. दाढीआडून हसत तसाच ऐकत राहिला. खरं सांगते, तिथेच मी त्याच्या प्रेमात पडले.

मग शुक्रवारपर्यंत रोज फोन. निमित्त शेळीचं. तिची एवढी चौकशी तिच्या डॉक्टरनेही केली नसेल. पण फोन ठेवला की शनिवार आठवायचा. तो बाहेर येणार त्याच क्षणी मी आत जाणार, आणि वर्षभर मधे पुन्हा काच. मला आत जायचंच होतं... आणि तो पण हवा होता.

शनिवार उजाडला. आत-बाहेरच्या दोन दारांमधे एक छोटी खोली आहे. दोन्ही दारं बंद असताना, जाणारा आणि येणारा तिथे तीन मिनिटं समोरासमोर उभे राहतात. एफ्रेन आला, माझ्याकडे बघितलं – आणि सणकून शिंकला.

वर लाल दिवा लागला. भोंग्यातून काचघराच्या प्रमुख हॅलोरनबाई कडाडल्या, "हवेत सुगंध आलाय! कुणी काय लावलंय? आता चाळीस मिनिटं पंखे चालतील. तोवर एकही दार उघडणार नाही!"

माझे कान तापले.

"अत्तर?" एफ्रेनने विचारलं. "तुला नियम माहीत नव्हता?"

"तोंडपाठ होता."

"मग? ...कुणासाठी लावलंस?"

"शेळीसाठी."

तो हसत हसत खालीच बसला. मीही बसले. "तुझ्यासाठी रे, मूर्खा," मी म्हणाले. "तीन मिनिटांसाठी."

त्याचं हसू थांबलं. त्याने माझा हात हातात घेतला. कुदळीने घट्टे पडलेला तळवा... फोनवर हे कुठे कळतं? वर पंखे घरघरत होते.

"एफ्रेन... मी आत गेलेच नाही तर?"

"तीनदा अर्ज केलास तो काय माझ्यासाठी? जायचं."

"वर्ष असतं पण ते!"

"वर्ष केवढं असतं ते मला सांगतेस? आत्ताच काढून आलोय. माहीत आहे म्हणूनच सांगतो – थांबेन."

हिरवा दिवा लागला. चाळीस मिनिटं इतकी लहान असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला जवळ ओढून त्याचं चुंबन घेतलं. हॅलोरनबाईंचा कॅमेरा चालू होता. असू दे! आणि मग स्वतःच्या पायांनी, रडत रडत, मी आत गेले.