अंधाराची नक्कल

आमच्या म्हाताऱ्याला धड मरताही आलं नाही. जिवंतपणी पोराला अंगणाबाहेर जाऊ दिलं नाही, मेल्यावर तरी सोडावं की नाही माणसाने?

आमचं भंगाराचं दुकान. पुढे वजनकाटा, मागे दोन खोल्या, मध्ये गंजक्या पत्र्यांच्या थप्प्या. दुपारी जेवणं झाली की बापलेक टीव्हीसमोर बसायचे. एक जुनी विनोदी मालिका परत परत लागायची. तिच्यातही भंगारवाला बाप आणि घोडा झालेला, बिनलग्नाचा पोरगा. पोरगा घर सोडायला निघाला की तो म्हातारा हवेत चाचपडत खाली बसायचा आणि म्हणायचा, अंधार आला रे डोळ्यांपुढे. मग मागून माणसं हसायची. माणसं कधी दिसायची नाहीत, नुसतं हसू.

आमच्या ह्यांनी ती नक्कल उचलली. पोराने दुसरीकडच्या नोकरीचं नाव काढलं की ह्यांच्या डोळ्यांपुढे अंधार. पोरगा हसायचा, मीही हसायचे, आणि नोकरी बारगळायची. एका दुपारी तांब्याच्या तारा सोलता सोलता हे म्हणाले, अंधार आला. पोरगा म्हणाला, बाबा, आज मी कुठे चाललोय? आणि हसतच पत्रा उतरवायला गेला. परत आला तेव्हा हे तारांवर पडले होते. डोळे उघडे.

तेव्हापासून पोराचं तोंड मिटलं. काम करायचा, जेवायचा, दुपारी मालिकेसमोर बसायचा. हसायचा नाही. पडद्यावरचा म्हातारा खाली बसला की ह्याचे हात त्याला सावरायला पुढे व्हायचे.

मग बंदराच्या गावी क्रेन चालवायची नोकरी चालून आली, राहायला खोलीसकट. मी म्हटलं, जा बाबा, इथे राहिलास तर ह्या पत्र्यांसारखा गंजशील. तो म्हणाला, जातो.

मागून हसू आलं. पडद्यावर तेव्हा साबणाची जाहिरात चालली होती.

पहिल्यांदा मी मनावर घेतलं नाही. टीव्हीचा संच भंगारातूनच उचललेला, त्याला कसली अक्कल. पण मी शिकलेली नसले तरी बहिरी नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम कांद्याचं बोलले, शेजारणीच्या नळाचं बोलले. शांत. नोकरीचं काढलं आणि हसू. त्यातलं एक हसू शेवटी खोकत होतं. ते खोकणं मी उभा जन्म उशाशी ऐकलंय.

पोराने भरलेली बॅग परत कोपऱ्यात ठेवली. म्हणाला, बाबांना नाही आवडत.

मी संच उचलून काट्यापाशी नेला आणि घणाने फोडला. काच वेगळी, तांबं वेगळं, पत्रा वेगळा. सगळं त्याच दिवशी मालाच्या गाडीत चढवून वाटेला लावलं. आमच्या धंद्यात वस्तू मारायची हीच रीत.

निघायच्या सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. पोरगा बॅग घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, येतो आई.

टीव्हीच्या रिकाम्या कोपऱ्यातून हसू आलं. दबकं, खेळ सुरू व्हायच्या आधी येतं तसं.

पोराचा पाय उंबऱ्यावरच थांबला.

तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला.

नक्कल नव्हती. ऊन गेलं, दार गेलं, पोराचं तोंड गेलं. गुडघे आपोआप वाकायला लागले. ते वाक्य माझ्या घशाशी आलं, पण आवाज माझा नव्हता. कोपऱ्यात ते हसणारे सगळे श्वास धरून बसले होते.

मी दात आवळले. चाचपडायला निघालेल्या हाताने चौकट घट्ट धरली. पोराचं तोंड जिथे असावं तिकडे बघितलं.

"बघतोस काय? वरचं बटण लाव. लोक म्हणतील, ह्याला आई नाही."

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला, आणि मला दिसलं नाही. पावलं थप्प्यांच्या बाजूने गेली. फाटक वाजलं.

कोपऱ्यात कुणी हसलं नाही.

अंधार तसाच होता. त्यात कुणीतरी खोकलं, माझ्या अगदी कानाशी.

मी तिकडे तोंड वळवलं.

"पोरगा तुमचा होता, मान्य. पण हे तोंड माझं आहे, त्यातून तुमचं वाक्य निघायचं नाही. गेला तो. आता हसायचं तर मला हसा."