पोरांची पंगत

२०३८ सालची गोष्ट. त्या पावसाळ्यात नदीकाठची माणसं गुरं सोडण्याआधी आभाळाकडे नाही, मोबाईलवरच्या ठिपक्याकडे बघत. हिरवा म्हणजे निर्धास्त, लाल म्हणजे सामान उचला. दर दहा मिनिटांनी प्रत्येक वस्तीचा पूर-अंदाज निघे. तो काढणारी संगणकभाषा होती ‘पंगत’.

कृष्णाकाठच्या एका विद्यापीठानं आणि नॉर्वेतल्या एका विद्यापीठानं मिळून ती घडवली होती. नाव कुमुदिनी हेरवाडकरांनी ठेवलेलं. आकड्यांना एकेकटं बोलवायचं नाही. रांगेनं बसवायचं आणि सगळ्यांना एकदम वाढायचं, लाख बेरजा एका हुकमात. तीस वर्षांपूर्वी गळक्या प्रयोगशाळेत, दमट खडूनं बाईंनी फळ्यावर पहिला नियम लिहिला होता : लहान आकडे आधी. “कार्यात पहिली पंगत पोरांची असते ना, तसं,” त्या सांगत.

जूनमध्ये नवी आवृत्ती आली. निवृत्त असूनही बाईंनी ती तपासली आणि तडक इरफान शिकलगारची खोली गाठली. इरफान त्यांचाच विद्यार्थी, आता प्रकल्पप्रमुख.

“पोरांची पंगत कोणी उठवली?”

“बाई, बसा तरी. चहा सांगतो.”

“चहा नको. उत्तर दे.”

“नॉर्वेच्या गटातल्या एल्सानं काढली, मीही हो म्हटलं. क्रमाची अट नसली की यंत्र दुप्पट पळतं. आणि बेरीज काय, उलटसुलट केली तरी तीच!”

“कागदावर. यंत्रात नाही.” बाईंनी फळा पुसून खडू त्याच्या हातात दिला. वीज वाचवणाऱ्या नव्या चिप आकड्याचे पहिले चारच अंक धरत, हे दोघांनाही ठाऊक होतं. “नदीचं पाणी पन्नास हजार. त्यात एका ओढ्याचे चार मिळव.”

“पन्नास हजार चार. चार अंकांत बसवले तर… पन्नास हजार.”

“असे हजार ओढे एकेक करून मिळव.”

इरफाननं खडू खाली ठेवला. “पन्नास हजारच.”

“आधी ओढ्यांचीच बेरीज केली असती, तर चार हजार झाले असते. ते गेले कुठे?”

पण नियम परत आणायला दोन्ही विद्यापीठांची संमती लागे आणि समिती दर दुसऱ्या गुरुवारी बसे. पडद्यावर एल्सा शांतपणे म्हणाली आणि कानातल्या दुभाषी यंत्रानं ते मराठीत सांगितलं, “आमच्या चाचण्यांत फरक दिसला नाही.”

“तुमच्या चाचण्यांत ओढे होते का?” बाईंनी विचारलं.

“नाही. आपण उदाहरणासह अर्ज करा.”

अर्ज तीनदा परत आला. एकदा नमुना जुना म्हणून, एकदा उदाहरण लांबलं म्हणून, एकदा निवृत्त व्यक्तीची सही चालत नाही म्हणून. इरफाननं सही केली, तेव्हा एल्साचं विद्यापीठ सुट्टीवर गेलं होतं.

जुलैत एका सकाळी बाईंनी घरच्या जुनाट संगणकावर तीच बेरीज लहान आकड्यांपासून केली. ओढे नदीला मिळतात तिथली तांबडवाडी लाल निघाली. त्यांनी सरपंच हौसाबाई मान्यांना फोन लावला.

“बाई, हिरवा आहे की हो! तुमच्याच कॉलेजानं काढलाय न्हवं?”

“चुकलाय तो. माणसं वर ने.”

“समदी भात लावायला गेल्यात. हिरव्यावर कोण उठतंय?” मग जरा थांबून, “तुमी म्हणताय तर पोरांना तरी आधी माळावरच्या शाळेत नेते.”

दुपारी पाणी आलं. एकूणएक पोर वाचलं. हौसाबाईंचा नवरा आणि दीर शिवारातून परतले नाहीत. ठिपका संध्याकाळपर्यंत हिरवा होता.

एल्साला वेगाच्या विक्रमासाठी पुरस्कार मिळाला. तो घेतल्यावर ती एकदा तांबडवाडीला आली, ओढ्यापाशी तासभर उभी राहिली आणि परत गेली. इरफाननं प्रकल्प सोडला; तो आता पहिल्या वर्षाला शिकवतो, फळ्यावर. हौसाबाईंनी ओढ्यावरच्या मोरीच्या भिंतीवर पाणी किती चढलं ते कळायला रंगाच्या खुणा केल्या आहेत, मोबाईल त्या पाहत नाहीत. बाई दोन वर्षांनी गेल्या. टेबलावर त्यांचा आणखी एक अर्ज सापडला.

‘पंगत’ आज बावीस देशांत चालते. लहान आकडे आधी घेण्याची सोय तिच्यात परत आली आहे, पण ऐच्छिक. मुळात ती बंदच असते. किती नद्यांवर ती कोणी चालू केली आहे?