ओजस्वीची मान

संध्याकाळच्या वर्गातील मुली उलटी कोलांटी घेण्यापूर्वी एकामागून एक मान डावीकडे, खिडकीच्या दिशेने, किंचित वळवत होत्या. खिडकीपाशी कोणी नव्हते. तिथे एक बंद पडलेला कूलर होता आणि त्यावर कुणीतरी वाळत टाकलेला टॉवेल. तरीही प्रत्येक मुलगी तिकडे पाही, मग तिचे वर चढलेले खांदे खाली येत, आणि मग ती त्या वीतभरही रुंद नसलेल्या तुळईवर मागे झेपावून, हात टेकून, पुन्हा ताठ उभी राही.

ओजस्वी चौगुले चपला हातात घेऊन व्यायामशाळेच्या दारात थबकली होती. चौदाव्या वर्षी तिने ही जागा भांडून सोडली होती. आता ती सोळा वर्षांची होती. समोरच्या मुलींपैकी एकीलाही ती ओळखत नव्हती. ती मान मात्र तिने ओळखली, कारण ती तिची स्वतःची होती.

मुलींच्या अंगावर त्वचेला चिकटून बसणारा राखाडी पोशाख होता. राज्य जिम्नॅस्टिक्स संघटनेच्या परिपत्रकांत त्याला ‘अंगलेख’ म्हणत. मुली त्याला ‘कात’ म्हणत. त्याच्या विणीत केसाहून बारीक तंतू होते. एखादी निष्णात मुलगी तो घालून कसरत करी, तेव्हा हे तंतू तिच्या प्रत्येक स्नायूची हालचाल टिपून घेत. तो टिपलेला ठसा दुसऱ्या मुलीच्या कातीत भरला की तेच तंतू उलट काम करीत: नेमक्या क्षणी नेमक्या स्नायूला विजेचा सौम्य चिमटा काढीत आणि अंगाला वळण लावीत. शिकायला पूर्वी जी वर्षे लागत, तिथे आता महिने पुरत होते.

“कोण ते? आत तरी या, नाहीतर बाजूला तरी व्हा. उजेड अडतोय.” मांडीवरच्या पडद्यावरून नजर न उचलता मगदूम सर म्हणाले. मग त्यांनी वर पाहिले. “अगं बया! चौगुले? मला वाटलं, मीटर बघायला कुणी आलंय. केसांवरनं नांगर फिरवलास होय?”

“एकाच बाजूनं, सर. दुसरी बाजू तुम्हाला ओढायला ठेवलीय.”

सर हसले, आणि आपण रागावलेले असायला हवे हे आठवून लगेच गंभीर झाले. “जाताना कात पाण्याच्या टाकीत बुडवून गेलीस. संघटनेच्या साहेबांना तोंडावर यंत्राचे हमाल म्हणालीस. माझ्या नोकरीवर आलं होतं. आता काय काढलंयस?”

“खेळायचंय. राज्याच्या संघाच्या निवडचाचणीला उतरायचंय.”

ते भांडण निलोफर मुजावरसाठी झाले होते. दोघी सहाव्या वर्षापासून मिरजेच्या याच व्यायामशाळेत एकत्र वाढल्या. त्या चौदा वर्षांच्या असताना हाडांच्या चित्रांवरून पुढची उंची सांगणारे यंत्र आले, निलोफर या खेळासाठी फार उंच होणार असे त्याने सांगितले, आणि एका आठवड्यात तिचे नाव वगळले गेले. निलोफर रडली आणि गप्प झाली. ओजस्वी ओरडली आणि निघून गेली. पुढे निलोफरचे घर बेळगावला हलले. सुरुवातीला दोघी रोज बोलत, मग सणावारी, मग तेही थांबले. ओजस्वीपाशी तिचा राग तेवढा उरला; आणि ज्या मुलीसाठी तो जपायचा, तीच आता कुठेतरी बास्केटबॉल खेळत होती आणि मजेत होती. घरी वडील जेवणापुरते बोलत. कॉलेजात ती शेवटच्या बाकावर बसे. जुन्या सरावाची वेळ झाली की मात्र तिच्या पोटऱ्यांचे स्नायू आपोआप ताठ होत, आणि त्यांना काय सांगावे हे तिला समजत नसे.

“ह्या पोरी माझ्यासारख्या का करतायत?” तिने विचारले.

“कारण त्यांच्या कातीत तूच आहेस.” सरांच्या आवाजात अभिमान होता. “तुझा तेराव्या वर्षीचा ठसा. तुझ्या बाबांची संमती होती. सगळ्या राज्यात तोच चालतो, आणि गुण देणारं यंत्रही त्याच्याशीच ताडून बघतं. घाल कात. तुला तर काहीच अवघड जायचं नाही, तुझंच तुला मिळणार.”

तिने घातली. तुळईवर चढली. पहिल्याच हालचालीत तिचे हात तिच्याआधी पोहोचले. दोन वर्षांत तिचे पाय लांब झाले होते, कंबर रुंदावली होती. कातीतली मुलगी मात्र अजून तेवढीच होती आणि घाईत होती. कोलांटीचा क्षण आला. मानेत डाव्या बाजूला चिमटा बसला, आणि ओजस्वीचा चेहरा तिच्या इच्छेविरुद्ध खिडकीकडे फिरला. तिथे कूलर होता. तिचे खांदे खाली आले, जणू कुणीतरी भेटले असावे. पुढच्या क्षणी तिचा तोल गेला आणि ती गादीवर कोसळली.

मुली हसल्या. अन्वी नावाची सर्वांत धिटुकली मुलगी म्हणाली, “ताई, मान नीट नाही वळली तुझी. ओजस्वीची मान अशी असते बघ,” आणि तिने ती करून दाखवली.

“ए शहाणे, ती ओजस्वीच आहे,” सर म्हणाले.

अन्वीने तिला आपादमस्तक न्याहाळले. “एवढी मोठी?”

मुली गेल्यावर ओजस्वी सरांसमोर बसली. “ती मान काढून टाका, सर.”

“काढून बघितली. पोरी पडायला लागल्या. अगं, तुझे खांदे भीतीनं वर चढायचे. मान वळली की ते खाली यायचे आणि तुझी उडी साधायची. यंत्रानंच ते हेरलं. मी तर शिबिरांतून शिकवतो. सोलापूरच्या पोरीसुद्धा ‘ओजस्वीची मान’ म्हणतात. फार मोठं तंत्र आहे ते.”

“तंत्र नाही हो ते.” ओजस्वीचा आवाज चढला. “तिथं निलोफर उभी असायची. मी तिच्याकडं बघायची, ती ‘जा’ म्हणायची, मग मी जायची.”

सरांनी खिडकीकडे पाहिले. रोज संध्याकाळी ते याच खुर्चीत बसत असत. मुली नऊ होत्या. आपण त्या प्रत्येकीला, आणि राज्यभरातील न पाहिलेल्या कित्येकींना, गैरहजर माणसाकडे बघायला शिकवले, हा हिशेब त्यांच्या मनात पूर्ण व्हायला वेळ लागला असावा. शेवटी ते पुटपुटले, “आम्हाला काय ठाऊक? खांदे खाली आले, एवढंच दिसलं.”

“मी कात न घालता उतरणार.”

“नियमात बसतं. पण ठशापासून जेवढी लांब जाशील, तेवढे गुण कापले जातील. स्वतःपुढंच हरशील, चौगुले.”

“हरीन की.”

ती सकाळी, मुली यायच्या आधी, एकटीने सराव करू लागली. लांब झालेल्या पायांना वेळ जास्त लागतो, म्हणून तिने उड्या संथ केल्या. कमान खोल घेतली. सर्व काही जमत गेले. अडचण फक्त कोलांटीपूर्वीच्या क्षणाची होती. खिडकीकडे बघायचे नाही असे तिने ठरवले होते, आणि दुसरीकडे कुठे बघावे हे तिला सुचत नव्हते. ती तुळईवर नुसती थांबून राही. रिकाम्या दालनात स्वतःचा श्वास ऐकत, कुणीतरी काहीतरी म्हणेल याची वाट पाहत, आणि कुणीही काही म्हणणार नाही याची खात्री पटली की मगच ती मागे झेपावे. ते थांबणे दिवसेंदिवस कमी होईल असे तिला वाटले होते. ते कमी झाले नाही. फक्त सवयीचे झाले.

चाचणी सांगलीच्या क्रीडासंकुलात झाली. कातीविना उतरलेली ती एकटीच होती. तिच्या उघड्या हातांकडे आणि अर्ध्या भादरलेल्या डोक्याकडे बघून मुलींच्या रांगेतून कुजबुज गेली. ती तुळईवर चढली, वळली, कमान घेतली, आणि कोलांटीपूर्वी थांबली. ती इतकी थांबली की परीक्षकांपैकी एकाने घड्याळाकडे पाहिले आणि सरांनी डोळे मिटले. मग ती गेली. हात टेकले, पाय आले, ती उभी राहिली. शेवटची उडी घेऊन ती गादीवर उतरली तेव्हा तिची टाचही हलली नाही. टाळ्या मात्र वाजल्या नाहीत. आपण काय पाहिले, हे लोकांना नक्की ठरवता येत नव्हते.

फलकावर गुण उमटले. तेवढ्या गुणांवर संघात जागा मिळणे शक्य नव्हते.

तेवढ्यात परीक्षकांच्या टेबलामागून मुख्य परीक्षक केळकरबाईंनी तिला आणि सरांना हाताने बोलावले. यंत्राच्या पडद्यावर एक प्रश्न थांबला होता.

“असं क्वचितच होतं,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखर आनंदला होता. “तुमची कसरत ठशाशी जुळत नाही, पण तिच्यात दोषही सापडत नाही, असं यंत्र म्हणतंय. अशा वेळी ती नवा ठसा म्हणून स्वीकारता येते. वरच्या कॅमेऱ्यांनी सगळं टिपलेलं आहे, त्यावरून यंत्र ठसा बनवतं. तुम्ही हो म्हणालात, की गुण नव्यानं लागतील. तुमचेच तुमच्याशी ताडून. म्हणजे तुम्ही संघात, पहिल्या क्रमांकावर.”

सरांनी ओजस्वीचा दंड इतका घट्ट धरला की तो दुखला. “म्हण हो. म्हण लवकर.”

“मग तो ठसा कुणाला देणार?” ओजस्वीने विचारले.

“सगळ्यांना. उंच मुलींनाही आता संधी मिळेल, बघा ना.”

ओजस्वीने पडद्याकडे पाहिले. निलोफरला असा ठसा मिळाला असता तर ती आज इथे असती, हे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पडद्यावर तिचीच आकृती तुळईवर उभी होती, थांबलेल्या क्षणी गोठवलेली.

“हे थांबणंसुद्धा घेणार?”

“यंत्र सगळंच घेतं. ते काढलं तर उडी बिघडते, असं ते आत्ताच सांगतंय. का? छान आहे ते. फार भारदस्त वाटतं.”

“नको,” ओजस्वी म्हणाली.

बाईंनी दोनदा विचारले. दुसऱ्यांदाही तेच उत्तर आले, तेव्हा त्यांनी खेदाने बोट ठेवून प्रश्न पुसून टाकला आणि पुढच्या मुलीचे नाव पुकारले.

बाहेरच्या पायऱ्यांवर येईपर्यंत सरांनी स्वतःला आवरले. मग ते उसळले. “वेडी आहेस का तू? राज्याच्या संघात गेली असतीस! उंच पोरींचं भलं झालं असतं ते वेगळंच. आणि नको म्हणे!”

“गेली असते, सर. उंच पोरीही आल्या असत्या.” तिचा आवाज फुटला, तरी तिने वाक्य अर्धवट सोडले नाही. “आणि त्या सगळ्या तुळईवर उभ्या राहून वाट बघत बसल्या असत्या. कुणाची, ते त्यांना कधीच कळलं नसतं. मला निदान माहीत तरी आहे.”

सर तिच्या शेजारी पायरीवर बसले. आतून कुणाच्या तरी उडीचा धप्प आवाज आला आणि टाळ्या वाजल्या. आपण बरोबर केले की एका मुलीच्या एकटेपणापायी कित्येकींची वाट बंद केली, याचा निर्णय तिला करता येत नव्हता, आणि तो दुसऱ्या कोणी करून देण्यासारखाही नव्हता.

“म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा उतरणार तू,” सर अखेर म्हणाले. “कातीशिवाय.”

“हो. आणि निलोफरइतक्या उंच पोरी आल्या तर त्यांनाही घेऊ. कातीशिवाय.”

“त्यांना शिकवणार कोण?”

ओजस्वीने नाक पुसले आणि त्यांच्याकडे वळून पाहिले. गेली कित्येक वर्षे हा माणूस मांडीवर पडदा घेऊन खुर्चीत बसला होता.

“सर, शेजारी उभं राहून, हात धरून शिकवायला येतं का हो तुम्हाला अजून?”